पळवणकर बाळू : मैदानावरील सभ्यता

द्रव्य घेऊन खेळणाऱ्या खेळाडूने सामना चालू असता सभ्यतेने वागावे, अशी अपेक्षा करणे रास्त आहे काय, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांत वारंवार निघतो. निघावा यात नवल नाही. गहुंजे येथील क्रिकेटचे विशाल मैदान आमच्या रावेतपासून फार दूर नाही; पवनेच्या काठाने थोडे वर गेले की ते गाव लागते. सन २०१२ मध्ये हे मैदान खुले झाल्यापासून मोठमोठे खेळाडू येथे येऊन गेले, आणि त्यांच्या खेळाबरोबर त्यांच्या वागणुकीचीही चर्चा घरोघर होऊ लागली. कोणी म्हणतो की, खेळाडूस पैसा मिळतो तो जिंकण्याबद्दल, गोड बोलण्याबद्दल नव्हे. प्रतिपक्ष्याला चिडविणे हाही खेळाचाच एक भाग समजावा. दुसरा म्हणतो की, ज्याच्याकडे हजारो मुले डोळे लावून बसली आहेत, त्याने जिभेवर ताबा ठेवलाच पाहिजे. दोन्ही पक्षांत तथ्याचा अंश आहे. केवळ युक्तिवादाने असे वाद मिटत नसतात; त्यापेक्षा एखाद्या थोर पुरुषाचे आयुष्य डोळ्यांपुढे ठेवले असता मार्ग अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून आम्ही आज वाचकांस पळवणकर बाळू यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. हिंदुस्थानात खेळाच्या मैदानावर मजुरी करून पुढे आलेल्या पहिल्या मोठ्या क्रिकेटपटूंपैकी ते एक होत, आणि त्यांची जडणघडण आपल्या पुण्यातच झाली.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. घराणे मूळचे कोकणातील पळवण गावचे; त्यावरून पळवणकर हे आडनाव पडले. समाज चर्मकारांचा, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य गणलेला. वडिलांची चाकरी सरकारी लष्कराशी संबंधित होती व त्या निमित्ताने कुटुंब पुण्यास येऊन राहिले. पुण्याच्या लष्करी वस्तीत गोऱ्या अंमलदारांचे क्रिकेट नित्य चाले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी व झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. शिवरामांखेरीज विठ्ठल व गणपत हेही बंधू पुढे नामांकित खेळाडू झाले. चारही भाऊ वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, अशी उदाहरणे जगात थोडीच सापडतील.

शाळेत फार दिवस राहणे बाळूंच्या नशिबी नव्हते. घरची ओढाताण भागविण्यासाठी त्यांस लहान वयातच कामास लागावे लागले. पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मिळाली. काम मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे. वेतन दरमहा ३ रुपये. मधून मधून सभासदांच्या सरावासाठी चेंडू टाकण्यास त्यांस बोलावीत. पुढे सुमारे १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन ४ रुपये झाले. रूळ फिरवावा, खेळपट्टी आखावी, सरावाची जाळी उभारावी, आणि गरज पडल्यास टेनिसच्या अंगणात पांढऱ्या रेघा ओढाव्या, हा त्यांचा नित्यक्रम.

तेथील एका साहेबाने त्यांस जाळीत गोलंदाजी करण्याचा हुकूम केला, आणि या पोराच्या डाव्या हातात काही विलक्षण गुण आहे हे हळूहळू सर्वांच्या ध्यानी आले. बाळू संथ गतीने चेंडू टाकीत. वेग बेताचाच, परंतु चेंडू कोठे पडेल व पडल्यावर कोणत्या बाजूस वळेल, हे फलंदाजास शेवटपर्यंत उमगत नसे. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे अंमलदार होते. इंग्लंडात हॅम्पशायरकडून खेळलेले हे उत्कृष्ट फलंदाज पुढे लष्करातून निवृत्त झाल्यावर रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले. ग्रेगसाहेब इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंची गोलंदाजी खेळत. बाळूंनी आपणांस बाद केले की दर खेपेस ८ आणे द्यावे, असा त्यांचा परिपाठ होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर महिन्यात आठ वेळा साहेबांस चकविणाऱ्या बाळूंची कमाई दुप्पट होत असली पाहिजे.

परंतु या कथेची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास चेंडू टाकले. त्या सर्व अवधीत त्यांच्या हाती एकदाही कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करावी व घाम नोकराने गाळावा, ही तेथील रीत. ही रीत केवळ हिंदुस्थानातलीच होती असे मात्र नव्हे. खुद्द इंग्लंडात हौशी खेळाडू व धंदेवाईक खेळाडू असे दोन वर्ग फार काळ पाळले जात. एकास जंटलमन म्हणत, दुसऱ्यास नुसता प्लेअर. अनेक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत, आत शिरण्याच्या वाटा निराळ्या असत, आणि छापील पत्रकांवर नावे लिहिण्याची तऱ्हाही निराळी असे. हा भेद १९६२ सालच्या अखेरीस रद्द झाला. सभ्य हे नाव एका वर्गास जन्मतःच चिकटलेले, आणि सभ्यतेने वागण्याची सक्ती मात्र दुसऱ्यावर, असा हा उफराटा न्याय होता. धंदेवाईक खेळाडूकडून जी अपेक्षा केली जाई ती वास्तविक सभ्यतेची नसून आज्ञाधारकपणाची होती. या दोहोंतील अंतर बाळूंच्या चरित्रात पावलोपावली दिसून येते.

बाळूंची कीर्ती पसरली तसा पुण्यातील हिंदू मंडळींच्या क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांशी सामना जिंकावयाचा तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा. परंतु अस्पृश्य मानलेल्या मनुष्यास संघात घ्यावे कसे? सभासदांत दोन तट पडले. तेलुगू मंडळी त्यांस घ्यावे अशा मताची होती, तर काही ब्राह्मण सभासदांचा त्यास विरोध होता. अशा गुणी मनुष्यास बाहेर ठेवणे हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगसाहेबांनी उघडपणे सांगितले, आणि अखेर बाळूंस संघात प्रवेश मिळाला.

प्रवेश मिळाला तो मैदानापुरताच. चेंडू एकच होता. बाळूंच्या हातून तो यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तेथून इतरांच्या हाती जाई, आणि त्या वेळी कोणासही विटाळ होत नसे. परंतु चहाची सुट्टी झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंस बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हातपाय धुवावयाचे झाल्यास त्यांच्याच समाजाचा एखादा नोकर किटली घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात येई व त्यांच्या हातांवर पाणी ओती. जेवणास त्यांची थाळी निराळी आणि मेजही निराळे. सुट्टी संपली की पुन्हा त्याच हातात चेंडू देऊन, आता आम्हांस बळी मिळवून द्या, असे त्यांस सांगण्यात येई. आणि ते बळी मिळवून देत.

येथे क्षणभर थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. मैदानावर खेळाडूने संयम पाळावा असे आपण म्हणतो, तेव्हा त्या खेळाडूस पुरेसे अन्न, पाणी, मान व विसावा मिळालेला आहे, असे आपण गृहीत धरतो. बाळूंस यांपैकी मान कधीच मिळाला नव्हता. त्यांचा अपमान प्रतिपक्षाने केला नाही. ज्यांच्यासाठी ते खेळत होते त्यांनीच तो रोज, ठरल्या वेळी, चहाच्या भांड्याबरोबर केला. पंचाचा एखादा निर्णय विरुद्ध गेला म्हणून बॅट आपटणाऱ्या आजच्या खेळाडूच्या रागाशी हे दुःख ताडून पाहावे. रागावण्याचा हक्क कोणास असलाच तर तो बाळूंस होता. असे असता त्यांनी मैदानावर कोणाशी हुज्जत घातली किंवा पंचाशी तंडा केला, अशी एकही कथा त्यांच्या चरित्रात येत नाही.

याच सुमाराचा साताऱ्याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. तेथील युरोपियन जिमखान्याशी पुण्याच्या हिंदूंचा सामना ठरला. बाळूंच्या फिरकीची धास्ती घेऊन यजमानांनी खेळपट्टीवर तीन दिवस रूळ फिरविला, असे सांगतात. हेतू हा की चेंडू वळूच नये. ज्याने उमेदीची वर्षे रूळ फिरविण्यात घालविली त्याला रुळाची भीती कोठून वाटणार? बाळूंनी सात बळी घेतले व सामना जिंकून दिला. परत आल्यावर पुण्यात त्यांचा सत्कार झाला व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. ज्यांस आपण खेळात बरोबर घेतो त्यांस चहापानाला व पंक्तीलाही बरोबर घेतले पाहिजे, अशा आशयाचा उपदेश रानड्यांनी त्या वेळी केल्याचे सांगतात. लोकमान्य टिळकांच्या हस्तेही बाळूंस सभेत हार घालण्यात आल्याचा उल्लेख आढळतो. हार घालणारे थोर होते, सभेतील टाळ्याही खऱ्या होत्या. तथापि मातीचे भांडे काही एका दिवसात फुटले नाही.

पुढे १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई इलाखा हादरला, आणि त्या धामधुमीच्या काळात बाळू पुणे सोडून मुंबईस गेले. काही दिवस त्यांनी लष्करात चाकरी केली, नंतर रेल्वेत नोकरी धरली, व रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशावरून पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा गुणांपुढे रूढीस थोडी माघार घ्यावी लागली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा गाजलेला सामना झाला. बाळू व शिवराम हे दोघेही बंधू हिंदूंच्या संघात होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले, आणि हिंदूंचा १०९ धावांनी विजय झाला. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद तर झालाच; परंतु जातिभेद बाजूस ठेविला म्हणूनच हा दिवस दिसला, असे त्या काळच्या सुधारकांनी आवर्जून लिहिले. मुंबईच्या संघात बाळूंस इतरांबरोबर बसून चहा व भोजन मिळू लागले होते. पुण्याच्या मानाने ही वाट पुढे सरकली होती खरी.

सन १९११ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडास गेला. बाळूंचे वय तेव्हा ३५ वर्षांचे होते. गोलंदाजाच्या आयुष्यात हा उतरणीचा काळ. एकंदरीत संघाची कामगिरी यथातथाच झाली. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी अवघे दोन जिंकता आले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यातील सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले व प्रत्येक बळीमागे सरासरी १९ हून कमी धावा दिल्या. लेस्टरशायरवर संघास विजय मिळाला त्या सामन्यात त्यांनी एकट्याने ११ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी ठरली. त्यांच्या प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत एकूण १७९ बळी नमूद आहेत, आणि सरासरी १५ धावांच्या आसपास आहे. आपल्या देशाने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. कसोटी खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही, याचे कारण एवढेच.

इंग्लंडाहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुणाने तयार केले होते, असे सांगतात. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या समाजातील हजारो मुलांस बाळूंच्या रूपाने पहिल्यानेच असा एक पुरुष दिसला की ज्याचे नाव वर्तमानपत्रांत आदराने छापले जात होते.

इतके झाले, तरी एक दार बंदच राहिले. हिंदूंच्या संघाचे कप्तानपद वर्षानुवर्षे बाळूंस मिळाले नाही. अनुभव, वय व कर्तबगारी या तिन्ही दृष्टींनी त्यांचा हक्क पहिला होता, आणि तो तसा आहे हे कप्तान म. दा. पै यांनी एका समारंभात स्वतः मोकळेपणाने बोलून दाखविले. स्वतः त्या पदावर बसून दुसऱ्याचा अधिकार मान्य करणे, हेही मैदानावरील सभ्यतेचे एक दुर्मिळ उदाहरण म्हटले पाहिजे.

सन १९२० च्या चौरंगी सामन्यांत ही गोष्ट हातघाईवर आली. प्रथमच्या सामन्यासाठी बाळूंस वगळण्यात आले. पै यांस खेळता येणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांच्या जागी विठ्ठल किंवा शिवराम यांपैकी कोणास नेमतील अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु नेमणूक झाली ती तरुण दि. ब. देवधर यांची. देवधर पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भूषण झाले. निवड समितीच्या या निर्णयात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. विठ्ठल व शिवराम यांनी मात्र संघातून अंग काढून घेतले. त्यांनी हे कसे केले ते विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. सामना चालू असता त्यांनी रुसवा धरला नाही, मुद्दाम वाईट खेळून सूड उगविला नाही, अथवा मैदानावर कोणाची निंदा केली नाही. त्यांनी आपली बाजू लेखी मांडून ती वर्तमानपत्रांतून जाहीर केली आणि घरी राहिले. आपल्या जातीमुळे आपला हक्क डावलला जात आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यास पै परत आले, बाळूंस उपकप्तान नेमण्यात आले, आणि दोघे बंधू पुन्हा संघात दाखल झाले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रे बाळूंनी हाती घेतली. रूळ फिरविण्यापासून आरंभ केलेल्या मनुष्यास वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हा मान मिळाला, आणि तोही घटकाभरच. तीन वर्षांनी, सन १९२३ मध्ये, विठ्ठल हे हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले, व त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. थोरल्या भावास जे मिळाले नाही ते धाकट्याने मिळविले. परंतु ती वाट थोरल्यानेच तयार केली होती.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा येथे झालेल्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. सन १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधिमंडळाच्या जागेसाठी काँग्रेसने त्यांस डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकर यांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. ज्यांनी एकेकाळी बाळूंचे मानपत्र तयार केले असे म्हणतात, त्यांच्याशीच हा सामना व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळ होय. दलितांच्या उद्धाराचा मार्ग कोणता, याविषयी दोघांचे मत भिन्न होते. दुःख मात्र एकच होते. ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचा अंत झाला. अस्पृश्यता नष्ट केल्याचे भारताच्या घटनेत नमूद झालेले त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, ही समाधानाची गोष्ट होय.

येणेप्रमाणे या थोर पुरुषाचे चरित्र आहे. आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे वळू. मोबदला घेऊन खेळणाऱ्याकडून सभ्यतेची अपेक्षा करावी काय? आमचे उत्तर असे की, अवश्य करावी. परंतु ती कोणत्या सभ्यतेची, आणि ती करणाऱ्याने स्वतः काय द्यावे, हे आधी ठरवावे.

पैसा घेतल्याने मनुष्य आपला विवेक विकत नाही. वैद्य पैसे घेतो, वकील घेतो, आम्ही शिक्षकही वेतन घेतो. म्हणून रोग्याशी, अशिलाशी वा विद्यार्थ्याशी उर्मटपणे वागण्याची मोकळीक कोणास मिळत नाही. खेळाडूलाच ती का मिळावी? खेळात चुरस असते, रक्त तापलेले असते, हे खरे. परंतु जेथे काहीच पणास लागलेले नाही तेथे संयम पाळण्यात पुरुषार्थ तो कोणता? शिवाय अपशब्दांनी फिरकी अधिक वळत नाही. आमच्या गहुंज्याच्या मैदानावर २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफ यांनी कसोटीत १२ बळी घेतले, आणि २०२४ साली न्यूझीलंडच्या मिचेल सँटनर यांनी १३ घेतले. दोघेही बाळूंप्रमाणेच संथ गतीचे डावखुरे गोलंदाज, आणि दोन्ही वेळी पाहुणे जिंकले. सामना फिरला तो त्यांच्या बोटांच्या करामतीने.

मात्र सभ्यता आणि लाचारी यांची गल्लत होता कामा नये. सत्ताधाऱ्यांस पुष्कळदा सभ्य मनुष्य नको असतो, मुका मनुष्य हवा असतो. इंग्लंडातील हॅरल्ड लारवुड या खाणकामगाराच्या मुलाचे उदाहरण घ्या. १९३२-३३ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी आपल्या हौशी कप्तानाच्या, म्हणजे जार्डिन यांच्या, हुकुमाप्रमाणे फलंदाजांच्या अंगावर वेगाने चेंडू टाकले. ओरड झाली तेव्हा माफी मागण्याची पाळी मात्र या धंदेवाईक गोलंदाजावर आणण्यात आली. त्यांनी ती नाकारली. ते इंग्लंडसाठी पुन्हा कधीही खेळले नाहीत. अशा ठिकाणी माफी मागविणे हे सभ्यतेचे शिक्षण नसून बळी देण्याचा प्रकार होय. पळवणकर बंधूंनी १९२० साली जे केले त्यावरून हेच शिकावयाचे की, अन्याय सोसणे हे सभ्यतेचे लक्षण नव्हे. अन्यायाचा प्रतिकार करतानाही आपली पायरी न सोडणे हे तिचे लक्षण होय.

हल्ली क्रिकेटच्या नियमांत वागणुकीची पुष्कळ कलमे आली आहेत. सन १९९१ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांवर देखरेखीस सामनाधिकारी असतात. ते दंड करतात व प्रसंगी खेळाडूस सामन्यांतून वगळतात. सन २०१७ पासून अतिशय उद्दाम वर्तन करणाऱ्या खेळाडूस मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार नियमांनी पंचास दिला आहे. हे योग्यच झाले. तरीपण दंडाच्या धाकाने आलेली सभ्यता दंड करणाऱ्याची पाठ वळेपर्यंतच टिकते. बाळूंवर असा कोणताही सामनाधिकारी नव्हता. त्यांचा संयम त्यांच्या स्वाभिमानातून उपजला होता.

आणि शेवटी, सभ्यता एकतर्फी मागता येत नाही. प्रेक्षकांनी शिव्या द्याव्या, पालकांनी कडेला उभे राहून पंचावर ओरडावे, आणि खेळाडूने तेवढे साधू व्हावे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. पालकांस आमची नम्र विनंती आहे की, सामना पाहून मूल घरी आले म्हणजे किती धावा केल्या हे विचारण्याआधी, हरल्यावर प्रतिपक्ष्याशी हात मिळविलास की नाही, हे त्यांनी विचारावे. आमच्या विद्यार्थ्यांस सांगणे याहूनही साधे आहे. तुम्ही खेळावयास उतरण्यापूर्वी कोणीतरी मैदान झाडलेले असते, खेळपट्टीवर रूळ फिरविलेला असतो, पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. त्या मनुष्याचे नाव विचारून घ्या, त्यास अहोजाहो करा, आणि चहा आला की तो तुमच्यासारख्याच पेल्यातून, तुमच्या शेजारी बसवून त्यास द्या. पुण्याच्या मैदानावर बाळूंस जे मिळाले नाही, ते देणे आता आपल्या हाती आहे.